डबी कडूबाईची, नाव सुनेचं

कडूबाईच्या तोंडी लागायची हिंमत आमच्या गल्लीत कुणाची नाही. मेंढरांमागं ओरडून आवाज असा झालाय, की घरात बोलली तरी माळावर ऐकू जातं. पण सकाळी ज्याच्याशी भांडेल, दुपारी त्याच्याच दारात ताकाचा तांब्या घेऊन उभी. मला ती आवडते, भांडली तरी.

तिची सून धनश्री सिरसाळ्याची. लग्न होऊन आली तेव्हा टवटवीत होती. पुढं पोरगी पांढरीफटक पडत गेली. घागर उचलली की धाप, चालली की चक्कर. बायकांनी लगेच कामचुकार ठरवून टाकली. फुकटचं बोलायला कुणाचं काय जातं? सासरा सुग्रीव म्हणाला, "दुखणं लपवून दिलीय पोरगी. बापाला बोलवा, घिऊन जाऊ द्या." नवरा लखन बापापुढं मान वर करत नाही. पोरीच्या बाजूनं उरली एकटी सासू.

कडूबाईनं तिला केजला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तेजश्रीबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं. रक्त फारच कमी होतं. "पोटात जंत असतील," त्या म्हणाल्या, आणि धनश्रीचं नाव लिहिलेली एक डबी दिली. दुसऱ्या दिवशी तिच्यात संडास आणून द्यायची होती.

सकाळी धनश्री अडून बसली. तपासणीच्या खोलीतला माणूस तिच्या माहेरचा निघाला होता. "आत्या, मरंन, पण ही डबी त्याच्या हातात देणार न्हाई."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. कडूबाईनं डबी हिसकावली, बाभळीआड गेली आणि स्वतःच भरून आणली. "एका चुलीचं खातो आपण. तुझ्या पोटात हाय तेच माझ्या पोटात आसंल. कोण बघायलंय?"

अतिशहाणपण म्हणतात ते हेच. तपासणीत काही निघालं नाही. जंत नाहीत, आता मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुग्रीवला तेवढंच पुरलं. "बघा, खोट पोरीतच हाय!" त्यानं सिरसाळ्याला फोन लावला.

धनश्री लुगडी-पातळांच्या घड्या घालू लागली. डबीबद्दल एक शब्द बोलली असती तर वाचली असती, पण सासूचं नाव तिनं घेतलं नाही. ते कडूबाईनं पाहिलं. बाप यायच्या दिवशी तिनं सुनेला आणि सुग्रीवला जीपमध्ये कोंबलं. कशाला जायचं, हे काही सांगितलं नाही.

दवाखान्यात ही गर्दी. कडूबाईनं दारातूनच हाक दिली, "डॉक्टरीणबाई, त्या डबीत माझी व्हती!"

सगळी रांग वळून बघू लागली. सुग्रीवनं उपरण्यात तोंड लपवलं.

डॉक्टर चिडल्या, मग नवी डबी दिली. ती धनश्रीनं स्वतः नेऊन दिली. माहेरचा तो माणूस एवढंच म्हणाला, "ताई, माझ्या आईची बी मीच तपासलीय." दुर्बिणीखाली जंतांची अंडी सापडली.

"हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात," डॉक्टर म्हणाल्या. "लोक उघड्यावर बसतात, तिथल्या मातीतून ते अनवाणी तळव्यात शिरतात. मावशी, तुमच्या पायात जाड वहाणा आहेत. हिच्या पायात?"

कडूबाईनं सुनेच्या पायांकडं पाहिलं. त्यांच्या घरात वडीलधाऱ्यांदेखत सून पायात काही घालत नाही. वडीलधारी तर ओट्यावर, विहिरीवर, वाटेवर, सगळीकडंच. पोरगी ओढ्याकाठी परसाकडंसुद्धा अनवाणीच जायची. आणि हा रिवाज तिला लावला होता कडूबाईनंच.

जंताच्या गोळ्या घरातल्या सगळ्यांना चावायला लावल्या. धनश्रीला रक्तवाढीच्या गोळ्या बरेच महिने चालू राहिल्या. बाप त्याच दिवशी आला होता, चहा पिऊन एकटाच परत गेला. हळूहळू पोरीच्या ओठांवर रंग आला.

परवा मी तिथंच होते. धनश्री पाण्याला निघाली, नव्या वहाणा हातात धरून. ओट्यावर सासरा बसलेला.

"पायात घाल!" कडूबाई गरजली.

धनश्री सासऱ्याकडं बघत तशीच उभी. रिवाज काही गोळीनं पडत नाही. सुग्रीव खाकरला. मग बूड उचलून भिंतीकडं तोंड करून बसला.

"घाल माय," तो भिंतीला म्हणाला. "मी काय बघंना."