न झाडलेलं अंगण

कारखान्यात जाताना पिंपरीच्या वाटेवर एक म्हातारी रोज अंगण झाडताना दिसायची. माझी सायकल पाहिली की खराटा थांबवून धूळ खाली बसू द्यायची. त्या सकाळी मात्र ती खराटा उराशी धरून नुसतीच उभी होती.

"दादा, ल्योक सायबासंगं पुन्याहून इमानानं हैदराबादला निगालाय. कवा पोचंल?"

गेलेलं माणूस पोचेपर्यंत केर काढायचा नसतो, हे मलाही ठाऊक होतं.

"दोन तासांत, आजी. दुपारी खुशाल झाडा."

"आन् पोचल्याचं कार्ड?"

"त्याला दोन-तीन दिवस."

"मंग कार्ड आल्यावरच पोचला म्हनायचं."

अंगणात पाचोळा साचत गेला. आठवडा उलटला, तसा मी वळणावरच सायकलवरून उतरू लागलो. पुढे बघायचा धीर होईना. एका सकाळी तसाच थबकलो होतो, आणि पलीकडून खराट्याचा आवाज आला.