सातच्या पाढ्यावर पळणारा बैल

अवसरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी एक व्हिडिओ गेम बनवला. मुलांनी गणित बरोबर सोडवलं की गेममध्ये बक्षीस. तो खऱ्या शाळेत चालवायचा आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना तिथेच दाखवायचं की मुलं त्यामुळे अभ्यास करतात. त्यांना पटलं नाही, तर वर्ष गेलं. मी वारूळवाडीकडची एक शाळा निवडली, कारण तिथल्या बाई फार प्रश्न विचारत नव्हत्या.

आधी बरोबर उत्तराला रॉकेट उडायचं. चौथीच्या मुलांनी ते पाहिल्यासारखं केलं आणि बैलगाडा मागितला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शर्यती मला फक्त रस्त्यावरच्या फ्लेक्सवरून ठाऊक. तरी बैल काढले, गाडा काढला, शर्यतीचा चढ, म्हणजे घाट काढला. मुलं खेळेनात. बैलांच्या पुढे घोडी नव्हती. घोडीशिवाय बैल पळत नाहीत हे माहीत नसलेलं मोठं माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मी घोडी घातली, आणि मुलं मधल्या सुट्टीतही भागाकार करू लागली.

इथेच थांबायला हवं होतं. पण बैलाला हवं ते नाव देता येईल अशी सोय मी केली, आणि शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नातीने आजोबांचा बैल घाटात उतरवला. तो बैल तालुक्यात गाजलेला. नातीचा सातचा पाढा कच्चा. अर्ध्या घाटात बैल खाली बसला. उत्तर चुकलं की बैलाने बसायचं, ही कल्पना माझीच, आणि मला ती फार गोड वाटली होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष दोन माणसं घेऊन शाळेत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, उभ्यानेच मला म्हणाले,

“मॅडम, आमचा बैल आजवर घाटात बसला न्हाई. गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई.”

बैल पळाला नाही तर गेम शाळेत राहणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. परीक्षक त्याच आठवड्यात येणार होते. बाई माझ्याकडे बघू लागल्या. गेममधली एक ओळ बदलली असती, तर बैल चुकीच्या उत्तरावरही पळाला असता. पण मग परीक्षकांना दाखवायला काही उरलंच नसतं. मी जमिनीकडे बघत म्हणाले, “काका, तो पाढ्यावर पळतो.”

ते विचारात पडले. मग बैलाच्या डॉक्टरला विचारावं तसं विचारलं, “म्हंजी खुराक कमी पडतोय?”

“हो. सातचा.”

हे त्यांना लगेच समजलं. त्या दिवसापासून नातीला बैलाबरोबर दूध आणि अंडी सुरू झाली. तिला घरचं कुठलंही काम सांगायचं नाही, असा हुकूम निघाला. डेअरीवर कॅन लावून उभी असलेली माणसं तिला पाढा विचारू लागली आणि आपापसांत उत्तरावरून भांडू लागली.

परीक्षक आले तेव्हा शाळेच्या अंगणात हलगी वाजत होती. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. नात लॅपटॉपसमोर बसली, मागे निम्मं गाव. सात गुणिले आठवर ती अडली. हलगी थांबली. अध्यक्षांचे ओठ हलताना मला दिसले, पण त्यांनाही येत नसावं.

“छप्पन्न,” ती म्हणाली.

बैल घाट चढून गेला. गुलाल उधळला गेला तो कीबोर्डवर आणि परीक्षकांच्या चष्म्यावर. चष्मा पुसत त्यांनी अध्यक्षांना विचारलं, या खेळामुळे मुलीचा अभ्यास सुधारला असं वाटतं का.

“पोरीचं मला काय कळत न्हाई, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “पर बैल लई सुधारला.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो म्हणतायत, सर,” मी म्हणाले.

त्यांनी पास केलं.