श्रीहरीची बत्ती

खाणीत उतरणारा माणूस देवाला हात जोडो न जोडो, बत्तीघराच्या खिडकीशी त्याला थांबावंच लागतं. पितळी बिल्ला आत द्यायचा, आपल्या नंबरची बत्ती बाहेर घ्यायची. बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, दिवा टोपीला, आणि मग खाली. राजुऱ्याकडच्या त्या कोळसा खाणीत या खिडकीच्या आत धुरपताबाई बसायची. सिंदेवाहीकडच्या धानाच्या गावातून लग्न होऊन आलेली, बारीक अंगाची आणि जिभेची तिखट. कोणी घाई केली की म्हणायची, "काऊन रे, खाली कोळसा पळून चालला का?" लोक हसायचे आणि थांबायचे. बॅटरीतल्या ॲसिडनं तिच्या पदराला बारीक भोकं पडलेली असायची. त्यावरून कोणी चेष्टा केली तर त्याच्या पोरीच्या लग्नात हाच पदर पांघरून येईन म्हणायची.

एका माणसाशी मात्र ती चकार शब्द बोलत नसे. त्याचं नाव मुखरू. तो आला की बिल्ला घ्यायचा, बत्ती सरकवायची आणि भिंतीकडे बघायचं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. खाणीतल्या लोकांना वाटे, मुखरू जिवंत वर आला आणि तिचा नवरा आला नाही, याचा तिला राग आहे. मुखरूलाही तसंच वाटायचं. त्यानं ते मुकाट्यानं सोसलं होतं.

तिचा नवरा श्रीहरी आणि हा मुखरू, दोघे एकाच जोडीतले. एक टोपली भरणार, दुसरा उचलणार. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका पाळीत दोघांच्या मध्ये छत खाली आलं. मुखरू अलीकडे राहिला, श्रीहरी पलीकडे. मुखरू धावत वर आला आणि म्हणाला, "गेला. श्रीहरी गेला." खाली माणसं गेली, पण छत अजून बोलत होतं. खाणीत छत पडण्याआधी कडकड आवाज करतं, त्याला तिकडे बोलणं म्हणतात. माणूस गेलेलाच आहे तर आणखी दोघांना कशाला घालवायचं, असं ठरलं. खांब लावले, छत शांत व्हायची वाट बघितली आणि दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. धुरपताला सांगितलं, जागेवरच संपला, त्याला काही कळलंसुद्धा नाही.

नवरा खाणीत गेला की बाईला खाणीत नोकरी, ही तिथली रीत. तिला बत्तीघर मिळालं.

तिथे खुशालभाऊ होता, केस पांढरे झालेला जुना बत्तीवाला. त्यानं तिला सगळं शिकवलं. बॅटरीत पाणी किती घालायचं, चार्जिंगला कशी लावायची, दिव्याची काच कशानं पुसायची. उजेड कसा जोखायचा तेही त्यानंच दाखवलं. मागच्या अंधाऱ्या खोलीत चुना मारलेली एक भिंत होती. जमिनीवर आखलेल्या रेघेवर उभं राहून एक चांगली बत्ती आणि एक संशयाची बत्ती, दोन्हींचा झोत त्या भिंतीवर शेजारी शेजारी पाडायचा. डोळ्याला लगेच कळतं. पाळीभर टिकते की नाही हे बघायचं तर बत्ती जळत ठेवून बसायचं. आधी उजेड पांढरा असतो, मग पिकतो, म्हणजे पिवळा पडतो, आणि शेवटी बिडीच्या टोकासारखा लाल होऊन जातो. पाळी संपायच्या आधी पिकली ती बत्ती बाद. धुरपता पहिल्या महिन्यातच यात तयार झाली.

एका गोष्टीवरून मात्र खुशालभाऊनं तिला फार बोलणी ऐकवली. परत आलेली बत्ती खटका चालू ठेवूनच चार्जिंगला लावली की बॅटरी खराब होते. धुरपता सुरुवातीला विसरायची. "खटका आधी, बाकी मंग!" म्हातारा ओरडायचा. "जळती असो का विझलेली, हातात आली का खटका फिरव. डोकं लावू नको, हाताले शिकव." मग तिचा हात शिकला. खिडकीतून बत्ती आली की अंगठा आपसूक जाई, खट्.

नोकरीला चार-पाच महिने झाले असतील, तेव्हा चौकशी संपून श्रीहरीची बत्ती परत आली. कापडी पिशवीत, वर लाख लावलेली, सापडली तशीच ठेवलेली. पिशवी धुरपतानंच फोडली. बत्ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. काचेला तडा होता. बॅटरीवर कोळशाची भुकटी होती. आणि खटका बंद होता.

इतर कोणाला त्यात काही दिसलं नसतं. पण ती आता बत्तीघरची बाई होती. खाली अडकलेला माणूस बत्ती बंद कधी करतो, हे तिला माहीत होतं. बॅटरी पुरवायची असते तेव्हा. शोधायला येणाऱ्यांची चाहूल लागली की लावायची, तोवर अंधारात बसायचं, हे खाणीत पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणजे श्रीहरी जागेवर संपला नव्हता. तो बसला होता. त्यानं आपल्या हातानं दिवा बंद केला होता आणि वाट बघत होता. आणि वर हा मुखरू सगळ्यांना सांगत होता, गेला म्हणून.

हे ती कोणाला बोलली नाही. सासू जिवंत होती, तिला काय सांगणार? तिनं बत्ती त्याच्या नंबरच्या खुंटीला लावली. गेलेल्या माणसाचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही आणि त्याच्या बत्तीचं तोंड भिंतीकडे करायचं, ही खुशालभाऊची पद्धत. ते भिंतीकडचं तोंड तीन वर्षं तिच्या पाठीशी राहिलं.

घरात तिच्या बुद्धाची तसबीर होती, सासऱ्यानं छप्पनला नागपुरातून आणलेली. भूतबित मानायचं नाही, हे तिला दोन्ही घरांत शिकवलेलं. भुताला ती भीतही नव्हती. उलट तिला वाटायचं, असतं तर बरं झालं असतं, विचारता तरी आलं असतं. किती वेळ बसला होतास? हाका मारल्यास का? माझं नाव घेतलंस का? कॉलनीतली लाईन संध्याकाळी गेली की शेजारणी चिमण्या पेटवायच्या. धुरपता पेटवायची नाही. भिंतीला पाठ लावून अंधारात बसून राहायची आणि श्रीहरीला काय दिसलं असेल ते बघायची. काहीच दिसत नसे. शेजारची नीलाबाई म्हणायची, "बाई, असं अंधारात काऊन बसतेस?" धुरपता म्हणायची, "तेल वाचवून राह्यली."

पंचाऐंशीत वरून हुकूम आला. खाणीतली प्रत्येक बत्ती जोखायची, उजेड आणि टिकाव दोन्ही. बाद झालेल्या भंगारात. खुंटीवरची एकही सोडायची नाही. नेमका त्याच आठवड्यात मुखरूच्या पायावरून रुळावरचा कोळशाचा डबा गेला. हाड वाचलं, पण खाली जाता येईना. साहेबांनी त्याला हलकं काम दिलं. कुठे? तर बत्तीघरात, तपासणीच्या मदतीला. नशीब कधी कधी असं मुद्दाम खोडी काढल्यासारखं वागतं.

दोन दिवस दोघं एका खोलीत न बोलता काम करत होती. मुखरू लंगडत खुंटीवरून बत्ती काढून आणायचा, ती भिंतीवर झोत पाडायची आणि चांगली किंवा बाद एवढंच म्हणायची, तेही खुशालभाऊकडे बघून. तिसऱ्या दिवशी म्हातारा वैतागला. "मी का तुमचा पोस्टमन आहो?" म्हणून चहाला निघून गेला.

त्याच दुपारी मुखरू शेवटच्या खुंटीशी पोचला. भिंतीकडे तोंड केलेली बत्ती त्यानं काढली आणि नंबर बघून तिथेच उभा राहिला.

"ठेव ते," धुरपता म्हणाली. तीन वर्षांतला पहिला शब्द तो. "तुया हात लावू नको त्याले."

"वयनी, हुकूम आहे."

"तुया हात लावू नको म्हणतो ना मी!"

मुखरूनं बत्ती बाकावर ठेवली. "वयनी, मी जिता आलो हा माया गुन्हा आहे का? तूच सांग. म्या त्याले सोडून नाई पळालो. दगडाइच्या फटीतून पाह्यलं. त्याचा उजेड दिसे. वरच्या छतावर पडला होता, एका जागी. म्या हाका मारल्या, नाव घेऊन घेऊन मारल्या. उजेड हलला नाई. माणूस जिता असंल तं मुंडकं हलवंल का नाई? जराकसा तरी हलंल का नाई? नाई हलला. म्हणून वर येऊन सांगतलं."

धुरपता ऐकत होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"बेसुद असंल," ती म्हणाली. "मंग सुदीवर आला असंल. तू वर आल्यावर."

"काऊन म्हणतेस असं?"

"त्याची बत्ती बंद होती." शेवटी निघालं ते तोंडातून, आणि त्याच्यामागून रडू आलं, तीन वर्षांचं. "खटका बंद होता, मुखरूभाऊ. त्यानंच केला. वाट पाहत बसला होता तो अंधारात, अन तुमी सारे वर त्याले मेला म्हणून बसले."

मुखरू खाली बसला. बाकाचा आधार घेऊन, दुखरा पाय लांब करून. धुरपताला वाटलं होतं, हे त्याला ऐकवल्यावर आपल्याला बरं वाटेल. अजिबात बरं वाटलं नाही.

तेवढ्यात पाळी सुटली. खिडकीशी माणसं जमली. रडायला सवड कुठली? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीशी गेली. बत्त्या येऊ लागल्या, बिल्ले जाऊ लागले. बरीच माणसं उन्हात आली तरी दिवा बंद करायचं विसरतात. नानाजी म्हणून एक टोपल्या भरणारा होता, त्यानं बत्ती आत टाकली आणि कुरकुरला, "बाई, हे बदलून दे वं. वापस येता येताच मेली. मुखरू असता तं त्याच्या उजेडात आलो असतो, एकटाच चाचपडत आलो."

"ठेव, पाहतो मी," ती म्हणाली. बत्ती बाकावर ठेवली आणि पुढची घ्यायला वळली.

"वयनी," मुखरू मागून म्हणाला. त्याचा आवाज विचित्र होता. "आता काय केलं तू?"

"काय केलं?"

"त्या बत्तीचा खटका."

धुरपतानं बघितलं. नानाजीची बत्ती विझलेलीच आली होती. खटका बंद होता.

"नानाजी!" मुखरूनं खिडकीतून हाक मारली. "तू खटका बंद केल्ता का?"

"मेलेल्या बत्तीचा खटका कायले बंद करू?" नानाजी म्हणाला आणि नळाकडे गेला.

धुरपता आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिला काहीच आठवत नव्हतं. आत्ताचं, या क्षणाचंही आठवत नव्हतं. मग तीन वर्षांपूर्वीचं कुठून आठवणार? लाख फोडली ते आठवत होतं. पिशवीची गाठ दातानं सोडवली ते आठवत होतं. बत्ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. हातात घेणं आणि उजेडाकडे धरणं याच्या मध्ये अंगठा कुठे होता?

खिडकीशी माणसं ओरडू लागली. खुशालभाऊ चहावरून आला होता, त्यानं खिडकी सांभाळली.

त्या संध्याकाळी तिनं श्रीहरीची बत्ती पुसली, बॅटरीत पाणी घातलं आणि चार्जिंगला लावली. खुशालभाऊ म्हणाला, "धुरपताबाई, मेलेली बॅटरी आहे ते. काय धरंल?" ती म्हणाली, "हुकूम आहे ना भाऊ, प्रत्येक बत्ती म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती काढली. मुखरू मागच्या खोलीच्या दाराशी उभा होता. आत यावं की नाही, त्याला कळत नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "दार लाव."

तिनं खटका फिरवला. तडकलेल्या काचेतून चुन्याच्या भिंतीवर उजेड पडला. मधोमध काळी रेघ, पण उजेड होता. बत्ती तिनं बाकावर ठेवली. झोत भिंतीवर एका जागी स्थिर राहिला.

"असाच होता?" तिनं विचारलं.

"असाच," मुखरू म्हणाला, आणि तोंडावर हात घेऊन रडू लागला.

ती रडली नाही. बघत राहिली. तो बसला होता की नव्हता, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. ते कळायचा एकच पुरावा जगात होता आणि तो बहुधा तिच्याच अंगठ्यानं पुसला होता. याचं दुःख करावं की यानं सुटल्यासारखं वाटून घ्यावं, हे तिला ठरवता येईना. दोन्ही वाटत होतं.

थोड्याच वेळात उजेड पिकायला लागला. नियमाप्रमाणे इथेच थांबायचं असतं. पिकली म्हणजे बाद, खटका बंद करायचा, भंगाराच्या पाटीत टाकायची. तिचा उजवा हात उठलासुद्धा. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

भिंत पिवळी झाली, मग लाल. मुखरूनं तिच्याकडे बघितलं.

"राहू दे," धुरपता म्हणाली. "त्याचा तो जाईल."

बत्ती विझून अंधार होईपर्यंत दोघं तिथेच बसली.