काट्यावरचा वहीम

भाकरीचं पीठ परातीत अर्धंच मळून झालं होतं, तेवढ्यात संजीवनीताई दारात येऊन उभी राहिली. वंदनाचा हात थांबला. वडनेरच्या अंगणवाडीची ही नवी बाई. भल्या पहाटे कापूस वेचणारीच्या दारात हिचं काय काम?

काम तिनं सांगितलं. वंदना दिवस उगवताच वेचायला जाते, अंगणवाडी उघडते दहाला, म्हणून चार वर्षांची योगिनी आईबरोबर वावराच्या बांधावर, धुऱ्यावर दिवस काढते. ना गाणी, ना गोष्टी, ना बरोबरीची पोरं. तर आता ताई उजाडताच कुलूप काढणार होती. पोरीला तिथं सोडत जा म्हणाली. शिवाय परवा अंगणवाडीच्या काट्यावर तिचं वजन कमी भरलं होतं. तिथं दोन घास वेळेवर पोटात जातील.

वंदनाला यातलं काहीच पटेना. जोडीनं वेचणारी शालूबाई कालच अंगणवाडीचं नाव निघाल्यावर म्हणाली होती, "फुकटात कोनी कोनाचं पोट्टं सांभाळते का वो? हजेरी दाखवासाठी पाह्यजे असन तिले." आणि काटा? वावरातल्या काट्यावर संध्याकाळी वंदनाचं गाठोडं चढे, तेव्हा तो रोज कमीच दाखवी. काटा दुसऱ्याच्या हातातला आणि खोटं बोलणारा, एवढंच तिला ठाऊक.

तिनं परात झाकली, फळीवरचा किलोचा न फोडलेला मिठाचा पुडा घेतला, पोरीला कडेवर घेतलं आणि ताईच्या मागं निघाली. अंगणवाडीत काट्याच्या झोळीत तिनं आधी पुडाच ठेवला. काटा बरोबर एकावर थांबला. तिनं पुडा काढून पुन्हा ठेवला. पुन्हा एक. मग योगिनीला बसवलं. वजन परवाइतकंच भरलं.

काटा खरा, म्हणजे पोरगी खरंच वाळलेली. वंदनाचा चेहरा उतरला. पण वहीम गेला नव्हता. काट्यावरून उठून तो माणसावर बसला होता.

"ताई, तुमाले काय भेटते याच्यात?"

"माही माय बी वेचालेच जाये, मी बी धुऱ्यावरच वाढली," ताई म्हणाली. "पह्यलीत बसली तं बाकीच्याईले सारं येत होतं, मले काईच नाही. मले वाटे, मीच ढ आहो."

वंदनानं योगिनीला झोळीतून खाली उतरवलं.

"दुपारी येऊन पाहीन मी. सांगून नाही येनार."

"कवाबी या."

योगिनी दारात चपलांजवळ जाऊन बसली होती. वंदनानं तिला उचलून पार पुढं, खेळण्यांच्या डब्याशी नेऊन बसवलं, मनात देवाचं नाव घेतलं आणि बाहेर पडली. आता वावराच्या मालकाच्या, किसनरावांच्या घरी जाऊन सांगायचं होतं, की आज ती दुपारपर्यंतच वेचणार.