पुढं चार बोल्ट, मागं पाच

महिपतच्या गाडीला पुढच्या चाकांना चार-चार बोल्ट होते आणि मागच्यांना पाच-पाच. टोकावड्यात शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक होतं. मागची चाकं मोठी, त्यामुळे गाडी सपाटीवर उभी असली तरी उतारावर असल्यासारखी दिसायची, आणि लोक त्यावरून त्याची थट्टा करायचे.

मुळात ती तशी नव्हती. कल्याणच्या एका वकिलांकडे महिपत अठरा वर्षं ड्रायव्हर होता. त्यांची ही पंचावन्न सालची, गोल पाठीची काळी मोटार. वकीलसाहेब वारले तेव्हा बाईंनी ती महिपतलाच देऊन टाकली. "तूच सांभाळलीस, आता तूच ने," म्हणाल्या. अठ्ठ्याऐंशी साली तो ती घेऊन गावी आला. तीन वर्षांनी माळशेजच्या चढावर मागचा एक्सल मोडला. इतक्या जुन्या गाडीचा भाग कुठे मिळेना. शेवटी एका गॅरेजवाल्याने भंगारातल्या जीपचा एक्सल कापून, जोडून बसवून दिला. जीपच्या चाकाला पाच बोल्ट. गाडी चालू झाली, पण पुढचं चाक मागे लागेना आणि मागचं पुढे. म्हणून महिपत दोन स्टेपन्या बाळगायचा. चार भोकांची डिकीत आणि पाच भोकांची टपावर बांधलेली.

गावात जीपा होत्या, पण भरल्याशिवाय त्या हलत नसत. कुणाला जनावर चावलं, कुणी झाडावरून पडलं, की माणसं महिपतच्या दाराशी यायची. तो ताटावरून उठून यायचा.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात, भातकापणी चालू असताना, सकाळी नऊच्या सुमाराला नवसू धावत आला. चार घरं सोडून राहणारा, महिपतपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्याच्या बायकोला, मालूला, आठवा संपत आला होता. शेतातच पोटात कळ आली आणि रक्त जायला लागलं होतं.

महिपतने तिला मागच्या सीटवर निजवलं. नवसू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मुरबाडच्या दवाखान्यात पाऊण तासात पोचायला हरकत नव्हती. सरळगावच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती तिथे, पुढचं डावं चाक पंक्चर झालं.

महिपत उतरला, जॅक लावला, चाक काढलं. मग डिकी उघडली. डिकी रिकामी होती.

दोन दिवसांपूर्वी त्याने ती चार भोकांची स्टेपनी धाब्याजवळच्या पंक्चरवाल्याकडे टाकली होती. काल आणायची राहिली. कापणीची घाई होती, उद्या आणू म्हणाला होता.

त्याने टपावरची दोरी तोडून पाच भोकांचं चाक खाली ओढलं. बसणार नाही हे माहीत असूनही ते उचलून बोल्टांवर धरलं. फिरवून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. एक भोक बोल्टासमोर आलं की बाकीची सरकायची. आतून मालू कण्हत होती.

"दादा, काय झालं? किती येळ?" नवसू ओरडला.

"लावतंय रे, लावतंय," महिपत म्हणाला, आणि ते न बसणारं चाक तसंच धरून राहिला.

मग त्याने ते पंक्चर चाकच परत चढवलं आणि गाडी तशीच हाकली. टायरच्या चिंध्या झाल्या, रिम दगडावर घासायला लागली, स्टिअरिंग हातात राहीना. अर्धा कोस जाऊन गाडी रस्त्याकडेच्या चारीत कलली. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एक दुधाचा टेम्पो त्याला चुकवून निघून गेला. बऱ्याच वेळाने पेंढ्याचा ट्रक थांबला. तिघांनी मालूला उचलून पेंढ्यावर ठेवलं.

मालू वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

"अर्धा तास आधी आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई नवसूला म्हणाल्या. त्या रागावून बोलल्या नव्हत्या. पण महिपत मागेच उभा होता आणि त्याने ते ऐकलं.

नवसूने त्याला कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं महिपत आपल्या बायकोला, काशीला म्हणायचा. मालू घरी आली, शेतावर जायला लागली, विहिरीवर काशीशी बोलायला लागली. महिपत समोरून आला की मात्र पदर सारखा करून बाजूने निघून जायची. महिपतला जेवण जाईना. चारीतली गाडी त्याने बैल लावून घरी ओढून आणली आणि ताडपत्रीखाली झाकली. लोक अजूनही यायचे. तो किल्ली हातात घ्यायचा, गाडीजवळ जायचा आणि परत फिरायचा. "जीप बघा रे," एवढंच म्हणायचा.

"दोन्ही चाकं बरोबर ठेव, झालं मग," काशी म्हणाली.

"झालं कसं? एकदा इसरलो ना? परत इसरंन. चारी चाकं एकासारखी पायजेत. कुठलं बी कुठं लागलं पायजे."

शहापूरला ज्ञानेश्वर मिस्त्रीचा लेथ होता. महिपत चार भोकांचं चाक आणि त्याच्या मापाचा कागद घेऊन एसटीने त्याच्याकडे गेला. मागची चाकं ज्यावर बसतात त्या ड्रमची पाच भोकं वेल्डिंगने बुजवायची आणि त्यात चार नवी पाडायची, असं त्याचं म्हणणं.

ज्ञानेश्वरने कागद पाहिला आणि परत दिला. "भोकं मी पाडंन. पण बुजवलेल्या लोखंडाला लागूनच नवं भोक येतंय. घाटात ड्रम फुटला तर चाक पुढं पळंल आणि तू मागं. नाय करनार."

"कर रे बाबा. जिम्मा माझा."

"जिम्मा तुझा, पन माणसं आत कुनाची?"

महिपत बाकावर बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले ते ज्ञानेश्वरने पाहिलं. चहा मागवून तो म्हणाला, "याच गाडीचा अस्सल एक्सल शोध. मी हाताने बसवून देईन. दुसरा इलाज नाय."

महिपतने कसाऱ्यापर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातली. लोक हसायचे. "ही गाडी आमच्या बापाने पाहिली असंल," म्हणायचे. जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेत दामू नावाचा बैलांचा दलाल भेटला. गावोगाव हिंडणारा माणूस. त्याने सांगितलं, "किन्हवलीच्या बाजूला चांगोबाबाच्या परसात उभी हाय तसलीच. काळी."

दुसऱ्याच दिवशी महिपत तिथे होता. चिंचेखाली गाडी उभी होती. टायर मातीत रुतलेले, पण काचा स्वच्छ पुसलेल्या. महिपत गुडघ्यांवर बसला आणि मागच्या चाकावरची माती बोटांनी खरवडली. एक, दोन, तीन, चार. त्याने पुन्हा मोजलं.

चांगोबाबा सत्तरीचा. गाडी त्याच्या मुलाची, शेखरची. शेखर कसाऱ्याला रेल्वेत होता, हौसेने ही जुनी मोटार घेतली आणि दुसऱ्याच वर्षी काविळीने गेला. त्याची आई, धोंडूबाई, रोज सकाळी काचा पुसायची.

"एक्सल काढलास तर गाडी जमिनीवर बसंल," चांगोबाबा म्हणाला. "म्हातारीने काय बघायचं? नाय जमनार."

महिपत पुन्हा गेला. पुन्हा गेला. पाचव्यांदा चांगोबाबाने त्याला अंगणात येऊ दिलं नाही. फाटकाशी उभं राहून महिपतने सगळं सांगितलं, सरळगावचा रस्ता, पाच भोकांचं चाक, नवसूचा मुलगा. "बाबा, मला झोप नाय. मी कुनाला तोंड दाखवू?" म्हणताना त्याने त्या म्हाताऱ्याचे पाय धरले. चांगोबाबाने पाय सोडवून घेतले.

"त्या पोरापायी माझ्या पोराची गाडी मोडू का?" म्हणाला, आणि आत गेला.

त्या दिवशी महिपत परतला तो आजारीच पडला. काशीने हे सगळं विहिरीवर मालूला सांगितलं. सांगावं की नाही हे तिला कळत नव्हतं, पण सांगून गेली. मालूने ऐकून घेतलं, हंडा भरला आणि घरी गेली.

तीन दिवसांनी मालू नवसूला घेऊन किन्हवलीला गेली. पुढचं महिपतला नवसूकडून कळलं. मालूने चांगोबाबाकडे पाहिलंच नाही. ती सरळ धोंडूबाईजवळ जाऊन बसली.

"आजी, पोर माझं गेलं," म्हणाली. "ते काय परत येत नाय. पन आमच्या गावाला अडल्या येळेला धावनारी तीच एक गाडी हाय, आणि तो मानूस चालवत नाय आता. परवा एक पोरगी झोळीतून नेली, सरळगावपर्यंत खांद्यावर. माझ्यावर आली ती येळ दुसरीवर नको."

धोंडूबाईने चिंचेखालच्या गाडीकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "गाडी उभी ऱ्हायला पायजे, एवढंच माझं हाय. खाली काय लावायचं ते त्याला लावू दे."

तसंच झालं. मे महिन्यात ज्ञानेश्वर आणि महिपतने शेखरच्या गाडीचा चार बोल्टांचा एक्सल चाकांसकट काढला आणि महिपतच्या गाडीखालचा जीपचा एक्सल, त्याच्या मोठ्या चाकांसकट, आणून तिथे लावला. दोन दिवस धोंडूबाई ओट्यावरून बघत होती. गाडी मागून जराशी उंच उभी राहिली. तिने फडका घेतला आणि चिखलाचे हात लागलेली काच पुसली.

काढलेला एक्सल उघडला तेव्हा आत गंजाचं पाणी निघालं. बेअरिंग जाम झालेली, दाते एका बाजूने खाल्लेले. महिपतने हातातला पाना टाकला. "एवढं करून हेच का रे?" म्हणून त्याने कपाळ बडवून घेतलं. ज्ञानेश्वर एक्सल शहापूरला घेऊन गेला. त्याने सहा दिवस दुसरं काम घेतलं नाही. बेअरिंग बदलली, दाते घासले, जिथे चालणार नाही तिथे नवा तुकडा घडवला. एक्सल बसला. चालताना एक बारीक घरघर यायची, ती शेवटपर्यंत राहिली.

महिपतने अंगणात प्रत्येक चाक चारही जागी लावून पाहिलं. अगदी स्टेपनीसुद्धा. ते सगळं होईपर्यंत दुपार कलली. मग तो नवसूच्या दाराशी गेला. मालू भात पाखडत होती.

"गाडी झाली," तो म्हणाला. "तुझ्यामुळं."

मालूने सूप खाली ठेवलं. "दादा, मला तुमचा राग नाय. पन त्या गाडीत मी परत बसनार नाय. माझ्याच्यानं व्हनार नाय."

महिपतने मान हलवली. तो घरी आला आणि स्टेपनी डिकीत ठेवली.

लोक पुन्हा यायला लागले. महिपत पुन्हा ताटावरून उठायला लागला. पण निघण्याआधी डिकी उघडून बघायचा, आणि सरळगावच्या अलीकडे त्याचे हात स्टिअरिंगवर घामेजायचे. काशीला वाटलं होतं की चाकं जुळली की हा माणूस मोकळा होईल. तसं झालं नाही.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत मालूचे पुन्हा दिवस भरले. नवसूने आधीच जीप सांगून ठेवली होती. सकाळी मालू काशीच्या आधाराने जीपमध्ये चढली. जीप निघाली तशी महिपतने गाडी काढली आणि तिच्या मागे लावली. आत कुणी नव्हतं. जीप थांबली तर आपण असावं, एवढंच. सरळगाव गेलं. मुरबाड आलं. जीपला काही झालं नाही.

दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली तो दुपारपर्यंत बसून राहिला. आत जायचं त्याला धैर्य झालं नाही. दीडच्या सुमाराला नवसू बाहेर आला. डोळे लाल, चेहरा उतरलेला. महिपत उठला.

"मुलगी," नवसू म्हणाला. "दोघी ठीक हायत."

महिपतने दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं.

"तू कशापायी आलास मागं?"

"असाच."

नवसूने त्याच्याकडे पाहिलं, मग झाडाखालच्या त्या काळ्या गाडीकडे. "सकाळपासून खाल्लं नसशील," म्हणाला. "चल, समोर जेवण मिळतंय."

चौथ्या दिवशी मालू मुलीला घेऊन एसटीने घरी आली.