मावशींची गॉसिप-बदली

मावशींची बदली मी केली. सहीचा अधिकार मेट्रनबाईंचा, हे खरं. पण त्या सहीला बोट धरून कागदापर्यंत नेलं ते माझ्या विनोदबुद्धीने.

मी प्रसूती रुग्णालयात नोंदणी कारकून. बाळाची वेळ, वजन, आईचं नाव वहीत उतरवायचं, एवढंच माझं काम. पण हात शिवशिवतात, म्हणून बाहेरच्या भिंतीवर दर महिन्याला एक पत्रक लावायचा उद्योगही मी अंगावर ओढून घेतलेला. कोणी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात पत्रकाचा एक कोपरा रिकामा राहिला आणि मी चार ओळी खरडल्या: ‘बाळंतकक्षातले गॉसिप केंद्र चोवीस तास सुरू. संचालिका, आपल्या मावशी. आत जाताना बाई एकटी जाते, येताना बाळ आणि गावभरच्या बातम्या घेऊन येते.’

लोक हसले. मीसुद्धा जाता-येता दोनदा थांबून हसलो. तिसऱ्या दिवशी नव्या मेट्रनबाईंनी ते वाचलं. त्या हसल्या नाहीत. नव्या माणसाला शिस्त लावायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते मी आयतं भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी मावशी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या.

मावशी आमच्या बाळंतकक्षातल्या आया. सव्वीस वर्षांची नोकरी. बुटक्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चपलांचा आवाज असा की माणूस दिसायच्या आधी ऐकू यावा. कागदोपत्री त्यांचं काम म्हणजे गरम पाणी आणणे, चादरी बदलणे, पाठ चोळणे. कागदावर नसलेलं काम म्हणजे बोलणं. ते मला कळलं माफी मागायला गेलो तेव्हा.

“मावशी, रागावलात?”

“रागावू कशाला? छान लिहिलंत. सगळे हसले म्हणे.” असं म्हणून त्यांनी चादरीला असा झटका दिला की मी एक पाऊल मागे सरलो.

“गंमत केली हो मी.”

“तुमची गंमत झाली, माझी बदली झाली. अहो, पहिलटकरीण घाबरून पलंगाचा दांडा उपटायला निघते. तिला ‘घाबरू नको’ म्हटलं तर ती जास्तच घाबरते. म्हणून मी सांगते, आमच्या शेजारी दोघी जावा आहेत. अकरा वर्षं बोलणं बंद. सगळे निरोप पोपटामार्फत. एके दिवशी पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि पोपटाने तोंड उघडलं...”

“मग?”

“मग काय? तिथेच थांबायचं! ‘कळ येतेय, श्वास घे, पुढचं कळ गेल्यावर.’ बाई अर्धी कळ बाळासाठी सोसते, अर्धी पोपटासाठी.”

मी थक्क झालो. डॉक्टरीणबाई घड्याळावर मिनिटं मोजायच्या, आणि मावशी गोष्टीचे हप्ते. त्या नर्सला सांगायच्या म्हणे, “पाहुणे आत्ताशी दारात आलेत, अजून वेळ आहे. पोपट बोलला की डॉक्टरांना हाक मार.”

“आता या चादरी,” मावशी म्हणाल्या. “एक मेली हुं सुद्धा म्हणत नाही.” मग जरा हळू आवाजात, “आठ महिने राहिलेत माझे, साहेब. शेवटचं बाळ हातात घेऊन घरी जायचं होतं. आता उशीचा अभ्रा घेऊन जाईन.”

मी तिथून निघालो तो थेट वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात. तिथे डॉक्टरांचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. ‘गॉसिप’ काढला आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता ‘गॉडसिब’, म्हणजे देवाच्या साक्षीने झालेलं नातं. बाळाच्या बाप्तिस्म्याला त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती. पुढे अर्थ झाला जिवाभावाची मैत्रीण. त्यातही बाळंतपणाच्या वेळी बाईला सोबत करणाऱ्या शेजारणी. त्या रिकाम्या तोंडाने थोड्याच बसणार? तेव्हा बडबड करणाऱ्या बाईला हा शब्द लागला, आणि पुढे तिच्या बडबडीलाच. बाळंतिणीजवळ बसलेली बाई घसरत घसरत आमच्या पत्रकाच्या कोपऱ्यात येऊन पडली होती.

मी दोन पानी अर्ज लिहिला आणि मेट्रनबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो संपूर्ण वाचला, हे कबूल करायला हवं.

“म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या कारणासाठी मी कालचा आदेश बदलू?”

“शब्द मुळात फार चांगला होता, बाई.”

“शब्द गेला उडत! मला कक्षात शांतता हवी.” अर्ज पेपरवेटखाली गेला. तिथे गेलेला कागद सहसा परत येत नाही.

दोन दिवसांनी सकाळीच एक पहिलटकरीण आली. आठवड्यापूर्वी खोट्या कळा येऊन परत गेलेली. मावशींच्या जागी आलेली नवी आया हुकुमाप्रमाणे तोंड मिटून पाठ चोळत होती. बाईने तिचा हात झटकला.

“मावशी कुठायत? पोपट काय म्हणाला?”

“कोण पोपट?”

“श्वास घ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आधी पोपट काय म्हणाला ते सांगा!”

हे सगळं बाहेर माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाईंच्या इतक्या वर्षांच्या शिक्षणात पोपट कुठेच नव्हता. शेवटी त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं. “मेट्रन, मला मावशी पाहिजेत. आत्ता. शिस्तीचं नंतर बघू.”

माझ्या टेबलाशी उभ्या असलेल्या मेट्रनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो पोपट मीच पाळला होता. “बघत काय बसलात? पळा!”

मी पळालो. मावशींनी हातातला अभ्रा माझ्या खांद्यावर टाकला आणि फटफट चपला वाजवत निघाल्या. हात धुतले, आत शिरल्या. हा काय प्रकार आहे ते बघायला मेट्रनबाईही मागोमाग गेल्या. तासाभराने आतून हसण्याचा आवाज आला. एक हसणं दमलेलं, त्या बाईचं. दुसरं मात्र आमच्या इमारतीत तोवर कोणी ऐकलेलं नव्हतं. ते मेट्रनबाईंचं होतं. त्यापाठोपाठ बाळाने सूर लावला.

बाहेर आल्यावर मेट्रनबाईंनी बदलीचा कागद मागवून फाडला. “मावशी निवृत्त होईपर्यंत इथेच राहतील. आणि ते भिंतीवरचं काढा.”

“बाई, पोपट काय म्हणाला?”

“पुरुषांना सांगण्यासारखं नाही,” असं म्हणून त्या तोंडावर रुमाल धरून निघून गेल्या.

थोड्या वेळाने मावशी हात पुसत आल्या. मला राहवेना. मी गॉडसिबपासून सगळी वंशावळ त्यांना ऐकवली. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, म्हणजे बघा.

“म्हणजे हा शब्द मुळात बाळंतिणीजवळच्या बाईचा?”

“अगदी! मानाचा शब्द, मावशी.”

“पुस्तकात आहे हे?”

“छापलेलं आहे.”

“कुठलं पुस्तक?”

“आपलंच. वरच्या मजल्यावर असतं.”

“मग लिहायच्या आधी जिना चढायला काय झालं होतं?”