साडभाऊची धडधड बसली, माझी नाही

माझ्या साडभाऊंनी माझ्यापुढे जायची एकही संधी कधी सोडली नाही. लग्न त्यांचं आधी, ट्रॅक्टर त्यांचा आधी, चष्मासुद्धा त्यांनाच आधी. तेव्हा चिंतेचा आजारही त्यांना माझ्या आधी झाला याचं मला नवल वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की तो बराही त्यांचाच आधी झाला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. किन्हीराजाला सोयाबीन आणि तूर करतात. मी शेलूबाजारजवळ भाजीपाला करतो: वांगी, मेथी, पालक, थोडं बीट आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. आठवडी बाजारात माझी जागा ठरलेली आहे. दसऱ्याच्या सुमाराला त्याच जागी बसल्याबसल्या छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले, आणि आता आपण मेथीच्या जुड्यांवर आडवं होऊन मरणार अशी माझी पक्की खात्री झाली. मेलो नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तर हृदय ठणठणीत. शेवटी साडभाऊ मला वाशीमला आपल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथं कंपाउंडरनं "या भाऊ" म्हणून त्यांना खुर्ची दिली. पेशंट मी होतो, आणि मी उभा होतो.

गोळ्या सुरू झाल्या. गुण हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. तोवर बाजाराचं काय करायचं?

"मी बसतो ना," साडभाऊ म्हणाले. "सोयाबीन घरात आलं. मले दुसरं काय काम हाय."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी माझ्या जागेवर माझ्या बायकोशेजारी ते बसायला लागले, आणि मी वावरात बसून बाजाराचा विचार करायला लागलो. संध्याकाळी बायको टोपली रिकामी घेऊन यायची आणि दिवसभराच्या गमती सांगायची. भाऊजी असे म्हणाले, भाऊजींनी त्या बाईला असं हसवलं. ते सगळे विनोद मी लग्नाच्या वर्षीच तिला सांगून बसलो होतो. तेव्हा ती हसली नव्हती.

मला माझी जागा परत पाहिजे होती. दुसरं काही नको होतं. पण बाजाराचं नुसतं नाव निघालं की छाती उडायची.

अशातच आम्ही सगळे जऊळक्याला सासुरवाडीला जमलो. सासूबाई वांगी चिरत होत्या, आणि साडभाऊंनी चिरलेली एक फोड उचलून सगळ्यांना दाखवली.

"पाहा, हवा लागली का काळी पडते. आपल्या डोक्यातही असंच होते म्हणते डॉक्टर. आपण श्वास घेतो, त्यातला ऑक्सिजन वापरता वापरता अंगात काही चढेल कण तयार होतात. शरीर त्याईले आवरते. आवरणं कमी पडलं का त्याले ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मेंदू ऑक्सिजन लय वापरते, म्हणून त्याले झळ आधी लागते. चिंतेच्या पेशंटमंदी हे जास्त दिसते म्हणते."

"मंग तुमी काय केलं जवाई?" सासूबाईंनी विचारलं.

"बीट खाल्लं, आवळा खाल्ला, पालक खाल्ला. आवरणारा माल त्याच्यात राह्यते."

"किती हुशार हाय," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. वांगं माझं, बीट माझं, पालक माझा. आजारसुद्धा आता माझाच. आणि ज्ञान त्यांचं.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. भाजीपाला करणाऱ्याची एक खोड असते. बांधापलीकडचा प्लॉट आपल्यापेक्षा हिरवा दिसला की त्याचा मालक काय खत देतो ते विचारायचं, आणि आपण त्याच्या दुप्पट द्यायचं. मी तेच केलं. साडभाऊ एक बीट खातात तर मी तीन. वर आवळ्याचा रस, दुधात हळद, मेडिकलवाल्यानं दिलेल्या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल. बायको म्हणाली, "अवो, ते बीट बाजारात न्यायचं हाय, का तुमीच संपवून राह्यले?"

इथपर्यंत ठीक होतं. पण भाजीवाल्याची आणखी एक रीत आहे. तोडणी जवळ आली की फवारणी बंद करायची, म्हणजे माल चोख जातो. येत्या बाजाराला आपण स्वतः जायचं असं मी ठरवलं होतं. म्हणजे माझी तोडणी जवळ आली होती. डॉक्टरांच्या गोळ्या मी मनातल्या मनात औषध फवारणीत धरल्या, बीट-आवळा शेणखतात धरला, आणि आठवडाभर आधी गोळ्या बंद करून टाकल्या. साडभाऊंना फोन केला, "या बाजाराला तुमी येऊ नका. मी जातो."

"पक्कं?"

"पक्कं."

झोप त्या आठवड्यात उडालीच होती. ती मी उत्साहाच्या खात्यावर टाकली. बाजाराच्या सकाळी वावराच्या कडेला लघवीला बसलो तर लाल. मी पाहिलं, डोळे मिटले, परत पाहिलं. लालच. तीन तीन बीट खाणाऱ्या, स्वतः बीट पिकवणाऱ्या माणसाला त्या वेळी बीट सोडून सगळं आठवलं. मूत्रपिंड आठवलं, सासूबाई आठवल्या, आणि मी गेल्यावर साडभाऊ माझ्या जागेवर कायमचे बसलेले दिसले. बायकोला काही बोललो नाही. बाजारात गेलो.

पहिल्याच गिऱ्हाइकानं, एका मावशीनं, मेथीची जुडी उचलून विचारलं, "कशी दिली?" मला भाव आठवेना. ओठ सुकले, आणि मावशीला जुडीसकट तिथंच सोडून मी उठलो तो थेट जीप उभ्या राहतात तिथं. एका जीपच्या मागं खाली बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "कारंजा का?" मी मानेनंच नाही म्हटलं.

थोड्या वेळानं साडभाऊ शेजारी येऊन बसले. येऊ नका म्हटलेला माणूस आलाच होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

"गोळ्या बंद केल्या का?"

मी होकार दिला.

"काहून?"

"तुमी बिटावर बरे झाले ना."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून पाकीट काढून दाखवलं. त्याच गोळ्या. अर्ध्या संपलेल्या.

"मी अजून घेऊन राह्यलो. डॉक्टर म्हणतीन तवा कमी करीन."

"मंग थे जऊळक्याले सांगतलं थे?"

"सासूसमोर डोक्याच्या गोळ्या घेतो म्हणू का? बीट मले आवडते, म्हणून खातो."

मी त्यांना लाल लघवीचं सांगितलं. ते इतके हसले की ड्रायव्हरनं जीप थोडी पुढं घेतली.

त्याच दिवशी वाशीमला गेलो. डॉक्टर आधी रागावले, मग त्यांनी समजावलं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि चिंता, या दोन्हींचं नातं आहे, पण आतली झळ वाढल्यानं चिंता येते की चिंतेनं झळ वाढते, हे अजून पक्कं सांगता येत नाही; कदाचित दोन्ही. भाजीपाला जरूर खा, पण कॅप्सूलनं हा आजार बरा होतो असं म्हणता येणार नाही, आणि गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. मला ते पटलं. पान पिवळं पडलं, तर ते किडीनं पडलं, का पिवळं होतं म्हणून कीड आली, यावर आम्ही बांधावर कितीदा भांडलो आहोत.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाजारात आता आम्ही तिघं बसायचो. मी आधी पोत्यांमागं, मग बायकोच्या बाजूला, थोडा वेळ, मग जरा जास्त. संक्रांत झाली तरी मधली जागा साडभाऊंचीच.

एका बाजारी ते भजे आणायला उठले आणि मी मध्ये सरकलो. तेवढ्यात एक मावशी आली. मला पाहून तिचं तोंड उतरलं.

"थे भाऊ कोठी गेले?"

"कोणते?"

"दुकानवाले."

छाती उडायला लागली. पण ती भीतीनं उडते की जळफळाटानं, हे पाहायला वेळ नव्हता. "दुकानवाला मीच हाय मावशी," मी म्हणालो. "थे आमचे पाहुणे. सांबार देऊ?" तिनं सांबार घेतला, वर वांगी घेतली. मी ती तोलली, भाव सांगितला, आणि भाव बरोबर होता.

साडभाऊ भजे घेऊन परत आले आणि मी उठायची वाट पाहत उभे राहिले.

"बसा की," मी पोत्यांकडं बोट केलं. "थ्या बाजूले."

ते बसले. बसताबसता बायकोला काहीतरी म्हणाले आणि ती हसली. हसू दे. काटा माझ्या हातात होता, आणि समोर आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं.